त्यातलंच आहे

वासराला हगवण लागली की मी काय करतो ते आधी सांगतो, कारण सगळा घोळ तिथून झाला. पहिलं म्हणजे त्याचं दूध तोडायचं. आईच्या कासेला लागू द्यायचं नाही. पाणी बेताचं. तांदळाची घट्ट पेज करायची आणि बोटाला लावून चाटवायची. दोन दिवसांत वासरू घट्ट शेण टाकतं आणि शेपूट वर करून पळायला लागतं. चाळीस वर्षं मी हे करतोय. गुरांचा डॉक्टरसुद्धा गोठ्यात पाय ठेवला की मला विचारतो, मामा, तुमचं काय म्हणणं. असा मी मोठा शहाणा. आणि याच शहाणपणाने मी माझ्या नातीचा तीन महिने छळ केला.

गोठा मालकाचा. बत्तीस गाई, दोन रांगा, मधून सिमेंटची वाट, वर पत्रा. त्या वर्षी उन्हाळा असा होता की दुपारी पत्रा कडकड वाजायचा आणि गाई जिभा बाहेर काढून उभ्या. आम्ही दिवसातून तीनदा पाइपने त्यांच्या पाठीवर पाणी मारायचो. विहिरीचं पाणी मालक मोजून सोडायचा, त्यामुळे माणसांची अंघोळ गाईंच्या नंतर. गोठ्याच्या मागच्या अंगाला तीन खोल्या. दोन गड्यांच्या, एक आमची. आमची म्हणजे मी, माझी मुलगी आणि तिची पोर. जावई दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. पहाटेच्या धारेचं दूध न्यायला यायचा तेवढंच त्याचं घरी येणं. चहा उभ्यानेच प्यायचा. बोलायला कमी, हॉर्न वाजवायलासुद्धा कमी.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. खरं नाव आहे, ते कागदांना माहीत. आठ वर्षांची. चालता चालता मधेच उभी राहून स्वतःभोवती फिरते, दहा फेऱ्या, वीस फेऱ्या, आणि पडत नाही. मी एक फेरी मारली तर मला धरायला दोघं लागतील. बोलत नाही. पण एक सूर आहे तिचा, नाकातून काढते, भुंगा कुठेतरी अडकल्यासारखा. सकाळ-संध्याकाळ आम्ही धारेला बसलो की ही सूर काढत वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, वळायची, परत यायची. गाईंना त्याची इतकी सवय की रवंथाची लय थांबायची नाही. एका गड्याचं म्हणणं होतं की तिच्या सुरावर त्याची काळी गाय जास्त पान्हवते. तो गडी तसा थापाड्या आहे, पण ही थाप मला आवडायची.

चार वर्षांची होती तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे कागदावर लिहून मिळालं, ऑटिझम. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा काही जाणारा आजार नाही, पोर अशीच आहे, अशीच वाढेल. फिट येऊ शकते म्हणाले. पाचव्या वर्षी आलीच. गोळी सुरू झाली, तेव्हापासून पुन्हा फिट नाही. झोप कमी. खाणं म्हणाल तर चारच वस्तू, चारही पांढऱ्या. भात, पाव, उकडलेला बटाटा आणि दूध. हिरवं काही ताटाला लागलं तर ते ताटच नको. केस विंचरले तर ओरड, नखं कापली तर ओरड. हे सगळं आम्हाला अंगवळणी पडलं होतं. फिट आली तेव्हा डॉक्टर धावत आले होते, कारण फिट दिसते. पोट दिसत नाही.

सुरुवात शाळेपासून झाली. एका दुपारी भिंगरी घरी आली ती वेगळ्याच कुणाची तरी चड्डी घालून, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत तिचे कपडे, भरलेले. शाळेच्या बाईंनी चिठ्ठी दिली होती. एवढ्या मोठ्या मुलीला घरी काही वळण लावलं आहे का, असं तिच्यात होतं. माझ्या मुलीने चिठ्ठी वाचली, घडी केली, पोलक्यात ठेवली आणि गाईंच्या नळावर कपडे धुवायला बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी. तिसऱ्या दिवशी बाईंनी कळवलं की हे थांबेपर्यंत पाठवू नका.

थांबलं नाही. दिवसात सहा-सात वेळा. पातळ, थोडं थोडं, पोरीला पत्ताच नसायचा. चालता चालता मांडीवरून ओघळ. मुलीच्या हाताची कातडी साबणाने सोलून निघाली. त्याच हातांनी धार काढायची. गाईला खरखरीत हात सोसत नाही, म्हणून लोणी चोळून बसायची.

मी बघितलं आणि निकाल दिला. हगवण.

आणि मग जे वासराला करतो ते सगळं केलं. दूध तोडलं. तिच्या चार वस्तूंतली एक गेली. पोर रिकामा पेला घेऊन माझ्यापुढे उभी राहायची, पेला माझ्या गुडघ्यावर आपटायची, मी दुसरीकडे बघायचो. बत्तीस गाईंच्या गोठ्यात, माझ्या पायाशी बादली भरलेली, आणि पोरीला दूध नाही. पाणी बेताचं. घट्ट पेज. मुलगी म्हणाली, बाबा, डॉक्टरांना दाखवू या. मी म्हटलं दाखव, पण मी सांगतो तेच सांगतील.

तेच सांगितलं. मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, हे सांगताना जीभ जड होते.

गावच्या दवाखान्यात एकच डॉक्टर. तरुण, चष्मा, मागे लांबच लांब रांग. त्याने फाइल उघडली, वरचा शब्द वाचला, फाइल मिटली. जुलाब बंद व्हायचं औषध लिहिलं आणि म्हणाला, अशा मुलांना शौचाचं भान उशिरा येतं, ते त्यातलंच आहे. पोरीकडे त्याने एकदा बघितलं. ती तेव्हा टेबलाचा कोपरा चाटत होती.

औषध दिलं आणि ओरडणं सुरू झालं.

आता ओरडणं म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. आधीही ती ओरडायची, केसांसाठी, नखांसाठी. ते रागाचं असायचं. हे वेगळं. चालता चालता थांबायची, गुडघे पोटाशी घ्यायची आणि गळ्यातून असा आवाज निघायचा की कोंबड्या कुंपणाबाहेर. मग गव्हाणीच्या लोखंडी पाइपवर डोकं आपटायची. मनगटाला चावायची, तिथे कातडी राठ होऊन गाठ आली. आणि तो खेळ. पाण्याच्या हौदाच्या काठावर पोटावर आडवी पडायची, डोकं आत, पाय बाहेर लटकते, आणि तशीच अर्धा अर्धा तास. आम्हाला वाटायचं, हिला नवा नाद लागला. अशा पोरांना लागतात असे नाद. मी तर काठ टोचू नये म्हणून त्यावर पोत्याची घडी घातली. आजोबांची माया बघा केवढी. पोर दुखणं दाबायला काठ शोधत होती आणि मी तिला गादी करून दिली.

आणखी एक. ती माझा हात धरून स्वतःकडे ओढायची. मी हात काढून घ्यायचो. मला वाटायचं, चावेल.

दवाखान्यात पुन्हा गेलो. ओरडते, म्हणून सांगितलं. डॉक्टरने फाइल उघडली, वरचा शब्द वाचला. त्यातलंच आहे. शांत राहायचं औषध लिहिलं. त्याने पोर शांत झाली नाही, नुसती ढिली झाली. तोंडातून लाळ, डोळे अर्धे. ओरडायची तरीही, फक्त ओरडताना तोल जायचा.

आणि गाई बिथरल्या. गाय भ्याली की पान्हा चोरते, तिच्या मनात नसेल तर देवाच्या बापालासुद्धा थेंब मिळत नाही. भिंगरीचा सूर चालत होता त्यांना, पण ही किंकाळी नाही. ऐन धारेत आवाज आला की बत्तीसच्या बत्तीस माना वर, कान ताठ, आणि सड कोरडे. उन्हाने दूध आधीच आटलेलं, त्यात हे. दुधाच्या टाकीतली रेघ रोज खाली.

मालक तसा राक्षस नाही. वयाने माझ्या मुलीएवढा, मला मामा म्हणतो, त्याच्या बापाच्या वेळेपासून मी इथे. पण त्या सकाळी टाकीजवळ उभा राहून बराच वेळ रेघेकडे बघत होता, आणि मग आमच्या खोलीच्या दारात आला. आत आला नाही. दारातला वास त्याला पुरला. रुमाल नाकाला लावून बोलला.

त्याचं म्हणणं असं की दया सगळ्यांनाच येते, पण गोठा दयेवर चालत नाही. अशा मुलांना ठेवतात असं एक घर आहे, त्याने फोन करून विचारलं होतं, जागा आहे. महिन्यातून एकदा भेटू देतात.

मुलगी चुलीपाशी होती. ती उठली नाही. म्हणाली, "तिच्या पोटात काय दुखतंय ते तिथे कळणार आहे का?"

"दुखत नाही हो बाई, तिचा स्वभावच झालाय तो. डॉक्टर बोललेत ना?"

"ती बोलली नाही अजून."

मालकाने माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी मुलीला समजवावं. मी जमिनीकडे बघितलं. मग त्याने आठ दिवस दिले. आठ दिवसांत पोरीची व्यवस्था करा, नाहीतर खोली मोकळी करा. जाताना मला बाजूला घेऊन हळू म्हणाला की मामा, तुम्ही एकटे राहिलात तरी चालेल. मला आजवर कुणी थोबाडीत मारली नाही, पण मारल्यावर कसं वाटत असेल ते कळलं.

पहिल्या दिवशी मुलगी एकटीच दवाखान्यात गेली, औषध वाढवून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंपुढे हात जोडले, दिवसा चार तास तरी ठेवा म्हणून. बाई म्हणाल्या, आम्हालाही नाक आहे. तिसऱ्या दिवशी मुलगी धारेला बसली आणि गाईच्या कुशीला कपाळ टेकून तशीच राहिली. बादलीत आवाज नाही. मी हाक मारली नाही. गाय मात्र हलली नाही, एवढं सांगतो.

चौथ्या दिवशी तांबडी गाय आडवी झाली.

तांबडी म्हणजे गोठ्यातली सगळ्यात दांडगी. दोन दिवस तिने वैरणीला तोंड लावलं नव्हतं, मागून पातळ पाण्यासारखं झिरपत होतं, शेपूट माखलेली. मी म्हटलं हगवण, पेज द्या. मालकाने माझं न ऐकता गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. हा म्हातारा माणूस, माझ्याच वयाचा, शर्टाच्या बाह्या कायम वर, अंगाला औषधाचा वास. आला, विचारलं, मामा, तुमचं काय म्हणणं. मी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि तरीही गाईजवळ बसला. कुशीवर तळहात ठेवला. मूठ करून दाबलं. कान लावला. मग खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, तेल लावलं आणि हात आत घातला. गाय कण्हली. त्याचा चेहरा वर पत्र्याकडे, डोळे मिटलेले, जणू आत कुणाचं तरी दार वाजवतोय.

मग म्हणाला, "मामा, ही हगवण नाही. आत शेण गच्च बसलंय, त्याचा दगड झालाय. पातळ येतंय ते दगडाच्या कडेने पाझरतंय. पेज दिलीत तर दगड आणखी वाढेल."

मी म्हटलं, काय पाझरतंय.

त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. नळ तुंबला की कसं थेंब थेंब गळतं, तसं. वरून बघणाऱ्याला वाटतं की पाणी वाहतंय.

मी मागे हौदाकडे बघितलं. भिंगरी काठावर पोटावर पडली होती, पाय लटकते, माझ्या पोत्याच्या घडीवर. तिच्या चड्डीला पिवळा डाग.

मी डॉक्टरला विचारलं की हे माणसात होतं का. तो हात बाहेर काढत होता. म्हणाला, मी गुरांचा डॉक्टर, माझ्या अंगावर काही टाकू नका, मला उद्या चौकशीला उभं करतील. मी हौदाकडे बोट केलं. त्याने पोरीकडे बघितलं. हातमोजा उलटा करून काढला, बादलीत टाकला.

"तिच्या पोटाला कुणी हात लावलाय का?"

मी म्हटलं, नाही.

"किती महिने?"

मी म्हटलं, तीन.

त्याने पेटी उघडली. तांबडीला दोन बाटल्या पाजल्या, जाताना माझ्या मुलीला हाक मारून एवढंच म्हणाला की बाई, उद्याच न्या, आणि डॉक्टरने पोटाला हात लावल्याशिवाय टेबलासमोरून उठू नका. तांबडी संध्याकाळी उठली. आडवी झाल्यावर तिला चार तासांत हात लावणारं माणूस मिळालं. ती गाय आहे. तिच्या नावाची फाइल नाही.

पाचव्या दिवशी जावयाने पहाटेचं दूध पोचवलं आणि रिकामा टँकर घेऊन परत आला. आम्ही तिघं पुढे बसलो, पोर मुलीच्या मांडीवर दुमडून. दवाखान्याच्या फाटकात गाडी आली आणि जावयाने ती तिथेच बंद केली. ना आत, ना बाहेर. किल्ली खिशात. शिपाई ओरडत आला, डॉक्टरसाहेबांची गाडी निघायची आहे. जावई म्हणाला, निघेल, आधी पोरीचं पोट बघू दे. सबंध वर्षातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य असेल.

डॉक्टरने फाइल उघडली. वरचा शब्द वाचला. मुलीने फाइलवर हात ठेवला.

"ते नका वाचू. तिचं पोट बघा."

तो म्हणाला की अशा मुलांमध्ये ओरडणं, शौचावर ताबा नसणं, हे सगळं ठरलेलंच असतं, आधीही समजावून सांगितलं आहे.

"अशा मुलांना पोट नसतं का?"

रांगेतली माणसं दारात गोळा झाली होती. डॉक्टरचे कान लाल झाले. तो उठला आणि पोरीला टेबलावर निजवायला गेला. पोरीने त्याच्या हाताला हिसडा दिला, लाथ मारली, चष्मा उडाला. तो म्हणाला, बघा, ही हात लावू देत नाही, मी काय करू. आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे असा बघायला लागला जणू त्याची बाजू सिद्ध झाली.

तिथे एक सिस्टर होती, पोक्त, पायात सपाता, आतापर्यंत कोपऱ्यात सुया मोजत होती. तिने मला विचारलं की घरी ही कशी पडते. मी सांगितलं, हौदाच्या काठावर, पोटावर. सिस्टरने टेबलावर दोन उशा एकावर एक रचल्या आणि बाजूला झाली. भिंगरीने उशा बघितल्या. आपण होऊन गेली आणि त्यांच्यावर आडवी पडली, डोकं खाली, पाय लटकते. सिस्टर जमिनीवर गुडघ्यांवर बसली आणि खालून, उशीच्या फटीतून, हळूच हात सरकवला. धार काढायला सड शोधतो ना माणूस न बघता, तसा. पोर ओरडली नाही. उलट त्या हातावर आणखी भार टाकून पडली.

सिस्टर म्हणाली, "डॉक्टर, इथे नारळाएवढं काहीतरी आहे."

मग त्याने हात लावला. खालून, गुडघ्यांवर बसून. उठला तेव्हा त्याच्या पँटीला गुडघ्यांवर धूळ होती, ती त्याने झाडली नाही. फाइलमधून त्याने स्वतः लिहिलेले दोन कागद काढले, औषधांवर रेघ मारली आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. माफी मागितली नाही. मी वाट बघत होतो. जावयाने टँकर काढला.

मोठ्या दवाखान्यात फोटो काढला. तिथे डॉक्टर बाई होत्या. त्यांनी तो काचेवर लावून दाखवला. पोरीचं पोट म्हणजे पोतं कोंबून भरावं तसं, खालपासून वर बरगड्यांपर्यंत. बाईंनी सगळं विचारलं, काय खाते, काय दिलं, किती दिवस. मी सांगितलं. वासराचं, दुधाचं, पेजेचं, सगळं. मुलगी म्हणाली, बाबा, राहू द्या, पण मी शेवटपर्यंत सांगितलं. जुलाब बंद करायचं औषध दिलं हेही सांगितलं. शांत राहायच्या औषधानेही पोट आणखी घट्ट होतं, बाई म्हणाल्या.

"पोट कुणीच तपासलं नव्हतं?" बाईंनी विचारलं.

मुलगी म्हणाली, "फाइल तपासली होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग साध्या शब्दांत सांगितलं. की या मुलांना पोटाचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो. खाणं मोजकंच, पाणी कमी, दुखतंय ते सांगता येत नाही. फिट असते, झोप नसते, भीती असते, दात किडतात, कान दुखतो. यातलं जे येईल ते वेगळं दुखणं आहे, वेगळं बघायचं. एकदम नवं काही करायला लागली, ओरडायला, आपटायला, तर आधी दुखणं शोधायचं. मुलगी मान हलवत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. मी विचारलं की हे आम्हाला चार वर्षांपूर्वी कुणी का नाही सांगितलं. बाईंकडे त्याचं उत्तर नव्हतं, आणि ते नाही असं त्या म्हणाल्या. तेवढ्याने मी त्यांचा झालो.

पाण्यात मिसळायची पूड दिली. पेल्यामागून पेले, दिवसभर. पांढऱ्या पेल्यातूनच पिणार, म्हणून जावयाने बाजारातून पांढरा पेला आणला. मी धारेसाठी परत आलो, मुलगी तिथेच राहिली. पुढचे दोन दिवस काय झालं ते सांगत नाही, ज्यांनी गोठा धुतलाय त्यांना कळेल. सातव्या दिवशी दुपारी फोन आला. मुलगी म्हणाली, बाबा, पोट मऊ लागतंय. झोपलीये. दुपारची झोपलीये. मी विचारलं, कशी झोपलीये. म्हणाली, उताणी.

तीन महिन्यांत ती पोर उताणी झोपली नव्हती. हेही मला तेव्हाच कळलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, आणि नवव्या दिवशी सकाळच्या धारेला मालक आला.

आम्ही चौघं बसलो होतो. मी तांबडीखाली, मुलगी माझ्यासमोरच्या रांगेत, पलीकडे दोन गडी. भिंगरी वाटेवरून चालत होती, एका टोकाला गेली, वळली, सूर काढत. मधे थांबून सहा-सात फेऱ्या मारल्या, पुन्हा चालली. गाई रवंथ करत होत्या. मालकाने टाकीत डोकावून बघितलं, खूश झाला. मग पोरीकडे बघितलं, कपाळाला आठी.

"अजून आवाज करतेच की ही. बरी झाली म्हणालात ना?"

मुलीने धार थांबवली नाही. म्हणाली, "पोट बरं झालं. आवाज तिचा आहे."

मालक म्हणाला ठीक आहे, ठीक आहे, तो काही कसाई नाही, राहा खुशाल. फक्त एक करा. धारेच्या वेळेला पोरीला खोलीत ठेवा आणि बाहेरून कडी लावा. उगाच पुन्हा कटकट नको. हे तो अगदी सहज बोलला, हौदाचं पाणी बदला म्हणावं तसं.

मुलगी उठली.

आता ज्याने धार काढली नाही त्याला हे कळायचं नाही. पान्हवलेली गाय सात-आठ मिनिटं दूध सोडते, मग परत वर ओढून घेते. त्या वेळात घराला आग लागली तरी माणूस उठत नाही. मुलगी उठली, बादली बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि वाटेवर पोरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या गाईचे चारही सड गळत होते. सिमेंटवर टप टप.

मालक म्हणाला, अहो बाई, गाय.

मुलगी म्हणाली, "कडी लागेल त्या दिवशी धार तुम्ही काढा."

मालकाने माझ्याकडे बघितलं, पुन्हा तसंच, म्हणजे मी समजवावं. मी चाळीस वर्षांत पान्हवलेल्या गाईखालून उठलेलो नाही. बाप गेल्याचा निरोप आला होता तेव्हासुद्धा बादली भरूनच उठलो. मी गुडघ्यावर हात टेकून उठलो. तांबडीने मान वळवून माझ्याकडे बघितलं, तिलाही पटलं नाही. पलीकडचे दोन गडी बसूनच होते, पण त्यांच्याही बादल्यांतला आवाज थांबला.

"मामा, तुम्हीसुद्धा?"

मी म्हटलं, तीन महिने मी खाली बघितलं. आता मान दुखते.

मालक धावत जाऊन मुलीच्या जागी बसला, इस्त्रीच्या पँटीत. सडाला हात लावला. त्याचा हात गार, गाईने पाय झाडला, बादली घरंगळत गटारात. तो उठला तेव्हा त्याच्या ढोपराला शेण होतं. भिंगरी त्या आवाजाने थांबली, बादलीकडे बघितलं, मग सूर काढत त्याच्या अगदी जवळून पलीकडे गेली. तो बाजूला सरला.

दूध गळतच होतं. तो त्या डबक्याकडे बघत होता, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे.

शेवटी म्हणाला, "कडीचं राहू द्या."

मुलगी लगेच बसली नाही. नळावर गेली, साबण लावून हात धुतले, सावकाश, कोरडे केले, लोणी चोळलं, आणि मग बसली. तोवर गाईने दूध वर चढवून घेतलं होतं. तांबडीनेही. त्या सकाळी चांगलं दोन घागरी दूध गेलं. मालकाला त्याची अजून हळहळ आहे, चार माणसांत बोलूनही दाखवतो. मी ऐकून घेतो. मला हळहळ आहे ती त्या तीन महिन्यांची.